प्राणहितेकाठचा सेन्सर

“पुन्हा गेलं तुमचं केंद्र,” साहेब म्हणाले. स्क्रीनवर प्रत्येक केंद्राची नदीपातळी दिसत होती. सिरोंच्याच्या अलीकडच्या केंद्रासमोर मात्र नुसती रेघ. “या आठवड्यात कारण सापडलं नाही तर केंद्र बंद. तिथला रोजंदारही कमी करून टाकू.”

मी चंद्रपूरच्या ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळायचो. प्राणहितेकाठी एका खोलीत एक कॉम्प्युटर, त्याला जोडलेला पाण्याची पातळी मोजणारा सेन्सर, आणि हे सगळं राखणारे दौलतभाऊ. पाणी चढलं की खालच्या गावांतल्या मासेमारांना सांगावा जायचा. छतावर सॅटेलाइटची छत्री होती, त्यामुळे मला इथे बसून त्या कॉम्प्युटरमध्ये शिरता यायचं. माऊस नाही, चित्रं नाहीत. काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करायची आणि उत्तर वाचायचं.

दुपारी जेवणानंतर हा सेन्सर हमखास गायब व्हायचा. मग मी फोन लावायचो. “दौलतभाऊ, वायर पाहा बरं.” ते पाहायचे, सेन्सर परत यायचा, आणि पाच मिनिटं गप्पा व्हायच्या. आज भाजी काय, चंद्रपुरात ऊन हाय का. मलाही ते आवडायचं. घरची माणसं मुलांच्या शाळेसाठी नागपुरात, मी इथे खोलीवर. माझ्या जेवणाची चौकशी करणारं दुसरं कोणी नव्हतं.

पण आता प्रकरण अंगाशी आलं होतं. मी एलएसयूएसबी ही कमांड दिली. कॉम्प्युटरच्या यूएसबी सॉकेटांत काय काय लावलंय, त्याची यादी ती देते. कीबोर्ड होता, सेन्सर नव्हता. म्हणजे कॉम्प्युटर ठीक. मग डीमेसेज. कोणतं यंत्र कधी जोडलं गेलं, कधी सुटलं, याची नोंद कॉम्प्युटर आपणहून ठेवतो, ती या कमांडने दिसते. वायर सैल असेल तर सुटलं-जुळलं, सुटलं-जुळलं अशी रांगच लागते. इथे मागच्या प्रत्येक वेळी एकदाच सुटलेलं, आणि माझ्या फोननंतर एकदाच जुळलेलं. वायर कोणीतरी हाताने काढत होतं.

मी फोन लावला. “दौलतभाऊ, वायर तुम्हीच काढता ना?”

ते म्हणाले, “काढतो साहेब.”

“काऊन?”

“मी ब्रह्मपुरीकडला माणूस. इथी सारे तेलगू बोलते, मले समजत नाई. या फोनवरून बाहेर लागत नाई, नुसता येते. वायर काढली का तुमचा फोन येते.”

माझा पारा चढला. “आणि तेवढ्यात पाणी चढलं असतं तर? माणसं असतात नदीत!”

“आधी नदीवर जाऊन पाह्यतो साहेब. पाणी चढून राह्यलं असलं तर हात नाई लावत. मी बी ढिवराचा, मासे धरणाऱ्याचाच पोरगा हाय.”

मी जुन्या नोंदी काढून पाहिल्या. पाणी चढत असलेल्या एकाही दिवशी सेन्सर सुटलेला नव्हता. माझा राग तिथेच विरला.

साहेबांना खरं सांगितलं. ते भडकले. “काढा त्याला!”

“सर, मी रोज दुपारी त्यांना फोन करतो. पुन्हा रेघ दिसली तर काढा.”

“दिसली तर तुमचंही पाहतो,” साहेब म्हणाले, पण थांबले.

रेघ दिसली नाही. मी रोज फोन करायचो. त्यांच्या धाकट्या भावाचं लग्न, माझ्या मुलीचं गणित, झिंग्यांचा भाव, असं काहीही बोलायचो.

पावसाळा संपताना मला ताप आला. दोन दिवस खोलीवर पडून होतो. ऑफिसातून कोणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी खोलीमालक वर आले. “तुमच्यासाठी फोन आहे. ऑफिसातून नंबर घेतला म्हणतात.”

मी भिंत धरत खाली गेलो. पलीकडे बसचे हॉर्न, माणसांचा गलबला. दौलतभाऊ सिरोंच्याच्या एसटीडी बूथवर होते. सेन्सर नीट चालतोय हे पाहून केंद्रावरून पायी निघाले होते. “साहेब, दोन दिस झाले, फोन नाई. बरे हाव ना? जेवले का?”

मला रडू आलं. ते तापाचं नव्हतं.

नव्या पोरांना मी एवढंच शिकवतो: डिव्हाइस यादीत दिसेनासं झालं, तर नवं मागवण्याआधी तिथल्या माणसाला फोन करा. काही वेळा खरंच वायर सैल असते.