संकष्टी, जिथे चंद्र उगवत नाही

ट्रंककॉलवर दादाचं बोलणं धड ऐकू येत नाही, म्हणून शेवटी मुलुंडहून आई आणि मीच नॉर्वेला गेलो. उत्तर टोकाच्या त्याच्या गावी उतरलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि ऊन पडलं होतं. त्याची शेजारीण अंगणात गवत कापत होती. तिने आकाशाकडे बोट दाखवलं, ‘मिडनाटसोल’ (मध्यरात्रीचा सूर्य) म्हणाली आणि पुन्हा कामाला लागली.

“हिला झोप नाही का?” आई म्हणाली.

दादा माशांच्या अभ्यासाला म्हणून इथे आला आणि राहिलाच. तो परत यावा म्हणून आई तेव्हापासून संकष्टी धरते. जून नुकता लागला होता आणि आम्ही पोचलो त्याच आठवड्यात चतुर्थी आली. दिवस उकडलेल्या बटाट्यांवर निघाला. संध्याकाळी दादाने वरणभात केला आणि आई चंद्राची वाट बघत खिडकीशी बसली.

“आई, तो उगवणार नाही.”

“उशीर होत असेल.”

दादाने उरलेल्या बटाट्यात विणायची सुई खुपसली आणि दिव्यासमोर तिरपी धरून फिरवली. पृथ्वी अशीच कललेली फिरते. उन्हाळ्यात वरचं टोक सूर्याकडे, म्हणून कितीही फिरलं तरी उजेडात. हिवाळ्यात ते पलीकडे कलतं, मग दोन महिने सूर्य नाही. पौर्णिमेच्या आसपासचा चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूला असतो, त्यामुळे त्याचं सगळं उलटं. उन्हाळ्यात तो वर येत नाही आणि हिवाळ्यात मावळत नाही.

“उपासाचा बटाटा आहे तो,” आई म्हणाली. “ठेव खाली.”

मी म्हटलं, “पावसाळ्यात कॅलेंडरातली वेळ बघून सोडतेस ना? तसं कर.”

“तेव्हा ढगामागे तो असतो गं. इथे नाहीच आहे.”

आईला मधुमेह आहे. तिचे हात थरथरायला लागले तशी मी घाबरले. दादा माझ्याहून जास्त घाबरला.

“जेव ना, आई. मी नाही येणार परत. माझ्यासाठी उपाशी राहू नकोस.”

आईने विचारलं, “अंधारात एकटाच असतोस?”

“शेजारीण सूप आणून देते.”

“मासळीचं?”

“हो.”

आईने ताट पुढे ओढलं. भात गिच्च झाला होता. तरी तिने तो संपवला.

मुलुंडला आल्यावर पुढच्या संकष्टीला आईने सकाळीच चहाबरोबर चपाती खाल्ली. मी आठवण करून दिली नाही. प्रवासाने माणूस बदलतो असं म्हणतात. आईचा फक्त नाश्ता बदलला, असं मी धरून चालले होते. रात्री पावसाने उघडीप दिली आणि खाडीच्या बाजूला चंद्र वर आला, तेव्हा ती गॅलरीत हात जोडून उभी होती. तिचं बोलणं ऐकून मला रडूच आलं.

“हिवाळ्यात तिथेच असतोस म्हणे,” ती चंद्राला सांगत होती. “जरा लक्ष ठेव त्याच्यावर.”