तुळशीपाशी पुरलेली तार

मल्लय्या गेल्याचं मला शाळेच्या फाटकात कळलं. त्याचा धाकटा भाऊ सायकल धरून उभा होता. "मास्तर, आमचा अन्ना गेला की..." एवढंच बोलला. तीन दिवसांचा ताप, बस्स. वर्गात जाऊन मी हजेरी घ्यायला लागलो आणि दोन नावांपुढे जाता येईना.

मल्लय्या गिरणीत विजेच्या खात्यात होता. घरी पिढीजात माग. धागा तुटला की मागाचा आवाज बदलतो, ते आईच्या मांडीवर शिकलेला माणूस. त्यानं मला वॉल्व्हचा रेडिओ जोडून दिला आणि वडिलांसाठी हेडफोनही दिला, कारण नानांना कमी ऐकू यायचं. पण हेडफोन कानाला लावला की गाण्यापेक्षा गुरगुरच जास्त! मी सगळं खापर मुंबई केंद्रावर फोडलं. मल्लय्या हसला. "त्यास्नी कशाला शिव्या देताय मास्तर? गुरगुर आपल्याच घरातली हाय. कर्ण्यात झाकती, कानाला लावली की उघडी पडती." त्यानं ट्रान्सफॉर्मर हातभर लांब दुसऱ्या खोक्यात नेला, वॉल्व्हच्या तारांना वेणीसारखा पीळ घातला. उरलीसुरली गुरगुर जमिनीत सोडायला ओल हवी, आणि आमची काळी माती उन्हाळ्यात कोरडी ठणठणीत. तेव्हा त्यानं रेडिओपासून काढलेल्या तारेला तांब्याचा पत्रा जोडून तुळशीवृंदावनाच्या पायाशी पुरला. "हितं रोज पानी पडतंय. आईंच्यापेक्षा भरवशाचं कोन हाय?" आई लटकं रागावली, पण गुरगुर थांबली.

माझी बहीण शांता गाणं शिकायला मुंबईला राहिली म्हणून नानांनी दोन वर्षं तिला कार्ड टाकलं नव्हतं. ती रेडिओवर गाणार असल्याचं पत्र आलं तेव्हा नाना म्हणाले, "एकदा ऐकतो. बेसूर असेल तर पुन्हा नाव काढू नका." त्याच आठवड्यात गावाकडचे एक भाऊबंद वारले. आई म्हणाली, सुतकात गाणं कसलं? नाना म्हणाले, "सुतक देवाला, कानाला नाही." ठरल्या संध्याकाळी मी रेडिओ लावला आणि... गूंऽऽ. धाबं दणाणलं माझं! धावत जाऊन मल्लय्याला घेऊन आलो. त्यानं खोके पाहिले, पीळ पाहिले, आणि तडक अंगणात जाऊन वृंदावनापाशी बोट खुपसलं. मातीला भेग पडली होती.

"पानी कुनी बंद केलं?"

"चार दिवस झाले सुतक लागून," आई म्हणाली. "आम्ही तुळशीला कसं घालू?"

"मला कुटं सुतक हाय?" तो घागरीकडे वळला आणि थबकला. आमच्या घागरीला त्यानं कधी हात लावला नव्हता. आईनं एकदा नानांच्या खोलीकडे पाहिलं. "घाल बाबा, घाल," ती म्हणाली. त्यानं अख्खी घागर रिकामी केली.

शांताचं पहिलं गाणं गुरगुरीतच गेलं. दुसऱ्याला मात्र नानांचा हात हेडफोनवर घट्ट बसला. गाणं संपल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि कार्ड मागितलं. मल्लय्या तोवर चप्पल घालून निघालासुद्धा होता. असा माणूस!

त्याचं सुतक आम्हाला लागत नाही. ना भाऊबंद, ना जातीचा. तरी बातमी कळली त्या दिवशी मी आईला म्हणालो, तुळशीला पाणी नको. तिनं तांब्या पालथा घातला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हेडफोनात गुरगुर परत आली. मी रेडिओ बंद करायला गेलो, तर नानांनी माझा हात धरला. दहाव्या दिवसापर्यंत ते ती गुरगुर ऐकत बसायचे... अकराव्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः घागर उचलली. ऐंशीच्या घरातला माणूस, पण मला जवळ येऊ दिलं नाही. सगळं पाणी ओतून झाल्यावर आत येऊन त्यांनी हेडफोन कानाला लावला. आवाज अगदी स्वच्छ येत होता, आणि नानांना रडू आवरत नव्हतं.