आईची किरणं मोजणारे साडू

अख्ख्या खान्देशात अणूशी इतका घरोबा असलेला दुसरा माणूस नाही, हे मी शपथेवर सांगेन. आणि तो नेमका माझा थोरला साडू, नानासाहेब, निघाला. धुळ्याच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेची देखभाल करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. नोकरी सुटली, अणू सुटला नाही. गच्च भरलेल्या एसटीत चढताना दारातूनच ओरडायचे, "सरका रे भो! अणूत बठ्ठी पोकळीच शे, मधी इवलासा गाभा, आनि तुमले जागा नही?" लोक हसायचे आणि खरंच सरकायचे. नातेवाइकांचीही त्यांनी वर्गवारी केली होती. "आपले सासरे म्हणजे आल्फा कण. वजनदार, पण साध्या कागदानं अडतात," कारण पत्रिकेत नाव खाली छापलं की सासरे लग्नाला जात नसत. मेहुणा बीटा, त्याला पातळ पत्रा पुरे. "आणि आत्याबाई गॅमा! शिशाची भिंत घाला, तरी थोड्या पलीकडे पोचतातच."

दोन वर्षांपूर्वी माझ्या आईला जळगावात कर्करोगासाठी किरणांचा शेक घ्यावा लागला. ती बरी होऊन घरी आली, आणि गल्लीत कुणीतरी पिल्लू सोडलं, की हिच्या अंगातून किरणं निघतात. बायका मुलांना आमच्या दारापासून लांब ठेवू लागल्या. उन्हाळ्यात समोरच्या वहिनींकडे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायला सगळ्या जमल्या. दर वर्षी ज्वारीचा घाटा आईच शिजवायची. त्या वर्षी तिला कुणी हाक मारली नाही. दिवसभर ती खिडकीचा पडदा ओढून बसली. संध्याकाळी मी साडूंना फोन केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नानासाहेब दारात हजर. पिशवीत कॉलेजातून मागून आणलेलं किरणं मोजायचं यंत्र. "आक्का, चला," म्हणत त्यांनी आईला हात धरून थेट बिबड्यांच्या अंगणात नेलं.

"शेकाचं मशीन बंद झालं की किरणं संपली. दिवा विझवल्यावर खोलीत उजेड उरतो का? आता ऐका."

मोकळ्या हवेत यंत्र वाजलं, टक्... टक्... आईजवळ धरलं, तेवढंच. मग साडूंनी ते दारापुढच्या नव्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर, बसलेल्या वहिनींच्या शेजारीच ठेवलं. टक्टक् टक्टक्!

वहिनी किंचाळून ओट्यावरून उठल्या. "अगं बाई! भाऊ, आता काय करू?"

"बसा निवांत. दगडात असतात थोडी किरणं, त्यानं काही होत नाही. पण आक्कांपेक्षा तुमचा ओटा जास्त वाजतो, एवढं गल्लीत सांगा."

अंगणभर हशा उसळला. वहिनी ओशाळल्या, पुढे आल्या आणि आईच्या हातात पळी देत म्हणाल्या, "काकू, कालचा घाटा पार बिघडला हो." आईनं पदर खोचला. त्या सकाळी ती चुलीपुढे राणीसारखी बसली होती.

दुपारी साडूंना बसस्टँडवर सोडायला गेलो. मी त्यांच्या विजयाचं कौतुक करत होतो. ते पिशवीतलं यंत्र नीट लावत होते. गाडी लागल्यावर म्हणाले, "तुझ्या मेहुणीला, आमच्या हिला, शेक चालू होता ना, तेव्हा आमच्या गल्लीतही कुणी येत नव्हतं. मला सगळं ठाऊक होतं. पण मी नुसता तिच्याजवळ बसून राहिलो रे. असं हात धरून बाहेर न्यायचं सुचलंच नाही."

गाडीत भरपूर जागा होती. ते खिडकीशी बसले आणि गाडी वळेपर्यंत हात हलवत राहिले.