शांभवीअक्काचा वरचा पोर्शन

तंजावुरात, राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांत, लोकांना भाड्याची घरं मिळवून देण्यावर माझं पोट चालतं. मी हनुमंतराव, घरांचा ब्रोकर. शांभवीअक्काइतकं मला कुणीच छळलं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

अक्का निवृत्त शिक्षिका, एकटी. खाली राहते, वरचा पोर्शन रिकामा. अट एकच: भाडेकरू घरात मराठी बोलणारे पाहिजेत, मग भाडं अर्धं दिलं तरी चालेल. आता आणू कुठून? आपली मराठी माणसं एकेक करून बायपासपलीकडच्या नव्या नगरांत गेली, पोरं चेन्नईला. गल्लीत आता कॉलेजची मुलं, हॉस्पिटलच्या नर्सबाया, नवरा-बायको दोघं कमावणारे. एकेका खोलीत चौघं राहून भाडं भरतात, आणि ते बघून घरमालक वाढवत सुटतात. जुन्या कुटुंबांना परवडतंय कुठं!

तरी मी आणले. टपाल खात्यातला साईराम आणला, तर म्हणे, "ह्याची बायको चपला उलट्या सोडते." सत्यनारायण मास्तरांचं अख्खं कुटुंब आणलं, तर म्हणे मास्तर फार मोठ्यानं खोकतात. माझा पारा चढायचा.

"अक्का, जावई शोधतोय का मी तुझ्यासाठी?"

"कमिशनसाठी जीव चाललाय तुझा, मेल्या!"

"मग बस भुतांना भाड्यानं देत!"

असं तासभर चालायचं. मग ती कॉफी द्यायची. कॉफी मात्र फक्कड, खोटं कशाला बोलू.

यंदा माझ्याच घरमालकानं घर विकलं. तिथं मुलींचं हॉस्टेल होणार. जन्मभर लोकांना घरं दाखवली, आणि मला परवडेल असं तळमजल्याचं एक घर मलाच मिळेना. बायकोला जिना चढवत नाही, नाहीतर अक्काचाच पोर्शन घेतला असता. मुलानं त्याच्या नोकरीच्या गावी, ओरत्तनाडूला, घर बांधलंय. तिकडेच जायचं ठरलं.

जाण्याआधी अक्काचं काम मार्गी लावावं म्हणून श्रीकर आणि विनुताला घेऊन गेलो. दोघंही मराठी, गोड बोलणारी, कडेवर तान्ही पोर. यांच्यात खोट काढून दाखव, म्हटलं मनात. अक्कानं पोरीला मांडीवर घेतलं, खेळवलं. ती मंडळी बाहेर पडल्यावर म्हणाली, "नको. पोर रडेल."

मी भडकलोच. "तुला भाडेकरू नकोच आहे! मग इतकी वर्षं मला का पळवतेस?"

"कळत कसं नाही रे तुला?" ती म्हणाली. "पोर्शन भरला तर तू कशाला येशील इथं? तमिळ मला सगळं येतं. पण भांडायची मजा मराठीतच, आणि माझ्याशी भांडणारं आता उरलंय कोण?"

पण सांगणं भाग होतं. "अक्का, शुक्रवारी सामान हलवतोय. ओरत्तनाडूला."

वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटणार. देवाशपथ सांगतो, मी त्याचीच वाट बघत होतो. दोन शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

ती उठली. किल्ली आणून माझ्या हातात ठेवली. "त्या पोरांना दे. भाडं तूच ठरव."

मग दारापर्यंत पोचवायला आली, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी तमिळमध्ये बोलली. परक्या माणसाशी बोलावं तसं, अगदी अदबीनं म्हणाली, "बरं, जाऊन या."