चाप आणि घोडा

पलटणीतून घरी आल्यावर आम्हा दोघांना कराडजवळच्या एका साखर कारखान्याच्या गेटावर बंदोबस्ताची नोकरी लागली. दुसरा माझ्याच पलटणीतला, माझ्याच तालुक्यातला. भाऊच म्हणा ना. आमच्यात भांडण एकच, पण वर्षानुवर्षं चाललेलं: हत्याराचा चाप कसा असावा?

कारखान्याचं रिव्हॉल्व्हर जुन्या पद्धतीचं. नुसता बोटाखालचा चाप दाबला तर तो लांबलचक, जड चालायचा. अंगठ्यानं मागचा घोडा ओढून ठेवला तर मात्र इतका हलका व्हायचा की बोट टेकलं तरी गोळी सुटावी. मी जड चापाचा माणूस. गेटावर समोर आपलीच ऊसवाली माणसं. बोटाला कष्ट पडले तर डोक्याला विचार करायला फुरसत मिळते. त्याला हे पटायचं नाही. "जड चापानं नेम हालतोय, गड्या. नवी पिस्तुलं बघ, दरखेपी सारखाच चाप, ना जड ना हलका. ती न्हाईत तर घोडा वढून ठेवायचा." माझ्या तोंडून कधी चापाला घोडा निघालं की उखडायचा. "चाप म्हंजी चाप, घोडा म्हंजी घोडा. शिपाई हायस का तमासगीर?"

गेल्या हंगामात गाड्यांच्या रांगेवरून एका ट्रॅक्टरवाल्याशी त्याची जुंपली. ह्यानं रिव्हॉल्व्हर काढून घोडा ओढला. ट्रॅक्टरवाला मागे सरला, पण ओढलेला घोडा खाली आणायचा तर तो अंगठ्यानं धरून चाप दाबावा लागतो, आणि ह्याला ते जमेना. मी नळी जमिनीकडे वळवली, घोड्यावर माझा अंगठा ठेवला. "थांब, मी सांगतो तवा दाब." त्यानं आधीच दाबला. माझा अंगठा सोलून घोडा निसटला, गोळी मातीत गेली.

कुणाला लागलं नाही, पण एकाची नोकरी जाणार हे दोघांनाही कळलं होतं. दुसऱ्या दिवशी शहरातून आलेल्या साहेबांनी विचारलं, "घोडा कुणाच्या हातात होता?"

"ह्याच्या," तो म्हणाला.

"व्हय साहेब, माझ्याच," मीही म्हणालो. खोटं कशाला बोलू?

"म्हणजे गोळी तुम्ही झाडलीत."

तेव्हा उजेड पडला. साहेब चापालाच घोडा म्हणत होते. "न्हाई साहेब, चाप ह्याच्या बोटाखाली हुता. इचारा त्याला."

त्यानं फरशीवरची नजर काढली नाही. "साहेब, चाप काय नि घोडा काय, एकच की."

हिशेब घेऊन गावाकडे पाटणच्या एसटीत बसलो तेव्हा सोललेला अंगठा ठणकत होता. नोकरी दुसरी मिळते. पण भाऊ मानलेल्यानं माझा गळा कापला, आणि तोही स्वतःच मला शिकवलेल्या शब्दानं, ह्याचा संताप अजून जात नाही.

आता कारखान्यात नवी पिस्तुलं आली आहेत म्हणे. नव्या भरतीला तोच शिकवतो. पहिला धडा ठरलेला: चाप म्हंजी चाप, घोडा म्हंजी घोडा.