ऋषिराजचा तांबडा फोटो

अंथुर्ण्यात माणूस गेलं, की राख सावडून झाल्यावर घरातलं कोणीतरी बिरदेवतात्यांच्या दारात येतं. हातात मोबाइल असतो आणि मोबाइलमध्ये कुठल्यातरी लग्नातला एक फोटो. गेलेलं माणूस त्यात तिसऱ्या रांगेत, अर्धं कोणाच्या तरी फेट्याआड. "तात्या, एवढाच हाय," येणारा खालच्या मानेनं सांगतो. तात्या म्हणतात, "बास की." मग त्या गर्दीतून ते एकट्याला बाहेर काढतात, टोपी सरळ करतात, मागं निळं आभाळ घालतात आणि दहाव्याच्या आत फोटो तयार होतो.

तात्यांचा मूळ धंदा लग्नाच्या फोटोंचा. पुढं पोरांनी ड्रोन आणले आणि लग्नं तात्यांच्या हातून गेली. मरणाला अजून कोणी ड्रोन लावत नाही, म्हणून तेवढं त्यांच्याकडं राहिलं. त्यातही त्यांचा एक ताठा होताच. "मोबाइलमधला माणूस मेलकट दिसतो. त्याच्या तोंडावर जीव आणावा लागतो," असं ते पारावर सांगायचे. चौदा वर्षांचा जुना कॉम्प्युटर, त्यावर तेवढंच जुनं सॉफ्टवेअर आणि त्याच्यापुढं पोटावर चष्मा लोंबत ठेवून बसलेले तात्या. गावानं त्यांना कधी नावं ठेवली नाहीत.

स्टुडिओ म्हणजे घराचीच पुढची खोली. त्यामुळं फुलाबाईंनी, म्हणजे तात्यांच्या बायकोनं, पहिल्यापासून एक नेम घातलेला: गेलेल्या माणसाची हार घालायची फ्रेम आपल्या उंबऱ्याच्या आत यायची नाही. परक्या घरचं सुतक आपल्या घरात नको. म्हणून तात्या फोटो करून बारामतीच्या लॅबला पाठवायचे, लॅबवाला छापून काच बसवायचा आणि फ्रेम कागदात गुंडाळून थेट त्या माणसाच्या घरी जायची. आपण केलेला फोटो भिंतीवर कसा दिसतो, हे तात्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. त्यांना त्याची गरजही वाटली नव्हती. आचाऱ्यानं स्वतःच्या हातची भाजी चाखायची नाही, असलाच हा प्रकार.

पौषातल्या एका सकाळी लीलाबाई आली. तिचा पोरगा ऋषिराज मागच्या माघात गेला. तेवीस वर्षांचा. लासुर्ण्याहून मोटारसायकलवर येत होता आणि रस्त्यात बंद पडलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला. ट्रॉलीला ना लाल दिवा, ना चमकणारी पट्टी. लीलाबाईच्या हातात धडप्यात बांधलेली फ्रेम होती. ती उंबऱ्याबाहेरच थांबली. फुलाबाईंचा नेम साऱ्या गावाला ठाऊक होता.

"तात्या, वरीसश्राद्ध आलंय. ह्यो फोटो परत एकदा करून देता का? राग धरू नगा."

"राग कशाचा? काय झालं फोटोला?" तात्या बाहेर आले.

लीलाबाईनं धडपं सोडलं. तात्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि फ्रेम उजेडात धरली. पोराचं तोंड तांबडंलाल होतं. गाल सुजल्यासारखे, डोळ्यांच्या कडा लाल, जणू गुत्त्यातून उठून आलेला.

"लोकं म्हनत्यात, पिऊन गाडी चालवत हुता," लीलाबाई हळू आवाजात म्हणाली. "माझं लेकरू सुपारी खात न्हवतं, तात्या. पर दहाव्याला ह्यो फोटो ठिवला आन् भावकीतला एकजण बोलला, बघा, फोटोत बी चढलेलीच हाय. तवापास्नं तेच सुरू हाय. ह्यांनी तर फोटो उतरवूनच ठिवला. वरीस झालं, पोराचं नाव घेत न्हाईत."

हे, म्हणजे तिचा नवरा रावजी.

"मी बघतो," तात्या म्हणाले. लीलाबाई गेल्यावर त्यांनी फ्रेम बाहेर ओट्यावरच ठेवली, आत कॉम्प्युटर लावला आणि ऋषिराजचा फोटो उघडला. पडद्यावर पोरगा छान होता. गव्हाळ, हसरा. तात्यांना हायसं वाटलं, आणि लगेच रागही आला. माणसाचा स्वभावच असा, की चूक दुसऱ्याची निघाली की बरं वाटतं. लॅबवाल्यानं शाई बिघडवली असणार. तात्यांनी फ्रेम काखोटीला मारली, एसटी धरली आणि बारामतीला जाऊन लॅबवाल्याची खरडपट्टी काढली.

लॅबवाल्यानं ऐकून घेतलं. मग आपल्या पडद्यावर तात्यांचीच फाइल उघडून दाखवली. तिथंही ऋषिराज तांबडाच होता.

"तात्या, आमी आलेली फाइल हाय तशी छापतो. तुमच्याकडनं वरीसभर असंच येतंय. मला वाटलं, तुमची आवड असंल."

परतीच्या गाडीत तात्या खिडकीबाहेर बघत बसले, पण बाहेरचं काही दिसत नव्हतं. म्हणजे आपला पडदाच खोटं दाखवतो. तोंडं मेलकट दिसत होती, ती मेलेल्यांची नव्हती, पडद्याची होती. आणि जीव आणतो, जीव आणतो म्हणत आपण त्यात लाल ओतत गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ते कामाला लागले. आधी पडद्याची केबल बदलली. रंग तसाच. मग ई-सेवा केंद्रातून तासाभरासाठी दुसरा पडदा मागून आणला. त्यावरही तसाच. सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं. फरक शून्य. पडदा बरा, केबल बरी, म्हणजे दुखणं मशीनच्या पोटात होतं. शेवटी त्यांनी सीपीयूचा डबा गोधडीत गुंडाळला आणि बारामतीत स्टँडजवळ ज्ञानेशच्या दुकानात नेऊन ठेवला. ज्ञानेश जुने कॉम्प्युटर दुरुस्त करतो, बोलतो कमी.

ज्ञानेशनं स्क्रू काढून डब्याची बाजू उघडली आणि तो बघतच राहिला. "तात्या, ह्यात हळदीकुंकू कुणी भरलंय?"

दर दसऱ्याला फुलाबाई कॉम्प्युटरची पूजा करायच्या. घर चालवणारं यंत्र ते. त्यांचा हात सढळ. बंद कॉम्प्युटरची पूजा कसली, म्हणून आधी तो सुरू करायला लावायच्या, मग जाळीवर मूठमूठ हळदीकुंकू, तेलाचा दिवा आणि धूप. आतला पंखा ते सगळं ओढून घ्यायचा. चौदा दसऱ्यांचं हळदीकुंकू आणि तेलाची काजळी मिळून ग्राफिक कार्डावरच्या छोट्या पंख्यावर लिंपण बसलं होतं. पंखा कधीचाच अडकला होता.

"पडद्यावर चित्र पाठवायचं काम ह्या कार्डाचं," ज्ञानेश म्हणाला. "पंखा बंद पडला, कार्ड तापून तापून आतनं गेलं. लाल रंग निम्मादेखील जात न्हाय त्यातनं. एकदम मेलं असतं तर तुमाला कळलं तरी असतं."

नवं कार्ड या जुन्या मशीनला चालेना. ज्ञानेशनं खोक्यातून एक जुनं काढून बसवलं. मशीननं शिट्ट्या मारल्या आणि पडदा काळाच राहिला. त्यानं कार्ड काढलं, त्याची सोनेरी पट्टी खोडरबरनं घासली, पुन्हा बसवलं. पुन्हा शिट्ट्या. ते बाजूला ठेवून त्यानं दुसरं घेतलं. या वेळी पडदा उजळला, आणि तात्यांनी ऋषिराजची फाइल उघडली.

तांबडा. लीलाबाईच्या हातातल्या फ्रेमसारखाच तांबडा.

मग तात्यांनी वर्षभरातल्या बाकीच्या फाइली उघडल्या. ठमाबाई, संभाजीआबा, शाळेतले गुरुजी. सतरा जण, सगळे लालबुंद. पिकल्या केसांच्या म्हाताऱ्यांवर तो रंग खपून गेला होता, लोकांना तो तजेला वाटला होता. तरण्या पोराला मात्र त्यानं दारुडा करून टाकलं होतं. दुकानात गिऱ्हाइकं होती, तरी तात्यांनी उपरण्यानं डोळे पुसले.

घरी आल्यावर त्यांनी लग्नातला मूळ फोटो घेऊन सगळं पुन्हा केलं. नवी फ्रेम तयार झाली. फुलाबाईंना कार्डाची हकिगत कळली तेव्हा त्या हबकून गेल्या. "मी तर चांगल्यासाठीच केलं हो," एवढंच म्हणत राहिल्या. थोड्या वेळानं सावरून म्हणाल्या, "फोटो गुमान देऊन या. आपली चूक हाय म्हणून गावभर सांगू नका. सतरा घरं दारात येतील. धंदा बसंल." त्यांचं काही खोटं नव्हतं.

वर्षश्राद्धाला रावजीच्या अंगणात मांडव होता. भावकी जमली होती. लीलाबाईनं नवा फोटो पाटावर ठेवला. लोकांनी पाहिलं. कोणीतरी म्हणालं, "आता बरा केलाय. कॉम्प्युटरवर काय, गाढवाचा घोडा बी हुतो." दोघंतिघं हसले. रावजी खांबाला टेकून बसला होता. त्यानं मान वर केली नाही.

तात्यांना वाटलं होतं, फोटो दिला की भागेल. ते हसू ऐकल्यावर कळलं, की भागणार नाही. ते उठून उभे राहिले.

"एक सांगतो, ऐकून घ्या. पोराचं खरं तोंड हे हाय. आधीचा फोटो म्या बिघडवला. माझ्या मशीनचं कार्ड गेलं हुतं, मला लाल रंग दिसत न्हवता, म्हणून म्या लाल वाढवत गेलो. ठमाबाईचा फोटो घरी जाऊन बघा, ती बी तशीच तांबडी हाय. ती काय पीत हुती का? चूक माझी हाय. ह्या पोराची न्हाय."

ठमाबाईचा थोरला लेक पंगतीतच बसला होता. तो सावकाश म्हणाला, "व्हय. आईचा बी तसाच हाय." मघाशी हसलेल्यांनी माना खाली घातल्या.

रावजी खांबापासून उठला. लीलाबाईच्या हातात पोरासाठी वाढलेलं ताट होतं. ते त्यानं तिच्याकडून घेतलं आणि फोटोपुढं जाऊन मांडी घालून बसला. बराच वेळ तो त्या तोंडाकडं बघत राहिला.

"डॉक्टरनं कागदावर लिवून दिलं हुतं, पोटात दारू न्हाय म्हणून," तो म्हणाला. मांडवाशी बोलतोय की पोराशी, ते कळत नव्हतं. "कागद माझ्या पेटीत हाय. तरी म्या लोकांचं खरं मानलं." त्यानं ताट पुढं सरकवलं. "जेव रं ऋष्या. बाप चुकला."