पेटीला चाकं होती

विद्यापीठाच्या कामात सरांचा उजवा हात कोण, तर मी. म्हणजे पेटीचं दार उघडायचं नि लावायचं. त्यातबी दोनदा बोट चेमटलं. गेल्या महिन्यात बोर्लीच्या बाजारात होतो, तिथंच फोन आला... सर गेले. मी विचारलं, "कुठं?" असा मी.

सर आमच्या किनाऱ्यावर आले ते बोंबील सुकवायची पेटी घेऊन. काळा पत्रा, वर काच, खाली चाकं. उघड्यावर टांगलेल्या बोंबलांना वाळू लागते, माश्या बसतात, अवकाळी पाऊस आला की सगळा माल उकिरड्यावर. पेटी उन्हामागं ढकलायची, आभाळ आलं की पडवीत घ्यायची. माझ्या बायकोनं, सुगंधानं, पहिली मासळी सुकवून काढली तर सर पोरासारखे नाचले. आता गावातल्या सगळ्या बायांना अशा पेट्या मिळाव्यात, एवढंच त्यांचं मागणं. विद्यापीठ म्हणालं, आधी पंचायतीचा वाटा आणा.

पंचायतीत मी सोबत गेलो, वजन पडावं म्हणून. बसलो तर खुर्चीचा पायच मोडला. सरपंच म्हणाले, "सर, निधी बांधकामाचा हाय. चाकं असली की ते बांधकाम न्हाय होत."

"चाकं काढली तर?"

"तरी पत्राच की वो. सिमेंट पायजे."

मग पंचायतीनं सिमेंटचं केंद्र बांधलं. मासळी सुकवायचं केंद्र, नि वर स्लॅब! उद्घाटनाला सगळ्यात जोरात टाळ्या माझ्या. सरांनी हळूच विचारलं, "आत ऊन कुठून येणार रे?" मी म्हटलं, "पुढच्या निधीतून, सर." ते हसले. पेट्यांना पैसे न्हाईत म्हणून विद्यापीठानंबी काम गुंडाळलं. सर खेपा मारत राहिले, आजारी पडले तरी.

शोकसभा त्याच स्लॅबखाली झाली. मंडपाच्या खुर्च्या तिथंच रचलेल्या असतात, आणायचा त्रास वाचला. सरपंचांनी केंद्राला सरांचं नाव द्यायचं जाहीर केलं. पुन्हा टाळ्या. या खेपेला माझे हात उठले न्हाईत...

घरी आलो. अंगणातली ती एकुलती एक पेटी घासून धुतली, आत सरांचा फोटो ठेवला, हार घातला, उदबत्ती लावली, नि मोठ्या ऐटीत सुगंधाला हाक मारली. ती ओल्या बोंबलांची पाटी कमरेवर घेऊन आली. बघत राहिली.

"हार काढा तो," ती म्हणाली. "सरांनी पेटी बोंबील सुकवायला दिली. तुमच्यात नि पंचायतीत फरक तो काय? सरका बाजूला."